वरसईचा वाटसरू

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या पुसेगावात पायी चालण्याला कोणी छंद म्हणत नाही. शेतावर जायचे ते पायी, सरपण आणायचे ते पायी, आषाढात परतवारीला नर्सीला नामदेवरायाच्या दर्शनाला जायचे तेही पायीच. गेल्या हिवाळ्यात महाविद्यालयाची पदभ्रमण सहल निघणार असल्याचे मी घरी सांगितले, तेव्हा आजीने पहिला प्रश्न विचारला की त्या डोंगरावर देव कोणता आहे. मी सांगितले की तिथे किल्ला आहे, जंगल आहे. मग तिने विचारले, तिकडे आपले शेत आहे काय. देव नाही, शेत नाही, तर पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढायचा कशाला, हे तिला काही केल्या कळेना. मला तिचा प्रश्न त्या वेळी अडाणीपणाचा वाटला. आज हा लेख लिहिताना तो तसा वाटत नाही.

आम्ही लोणावळ्याहून राजमाचीला चालत गेलो. श्रीवर्धन आणि मनरंजन हे राजमाचीचे दोन बालेकिल्ले पाहिले, त्यांच्या पायथ्याच्या उधेवाडीत मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी जंगलाच्या वाटेने कोंढाणे लेण्यांवरून खाली कोंदिवड्याला उतरलो. मी माळरानातला मुलगा. आमच्याकडे वाट म्हणजे दोन बांधांमधली पांद, जिच्यावर डोक्यावरचे आभाळ कधी सुटत नाही. इथे कारवीच्या झुडपांतून आणि मोठ्या झाडांच्या सावलीतून उतरताना दुपारीही संध्याकाळ झाल्यासारखे वाटत होते. वाळल्या पानांवरून पाय घसरत होता. सॅक एका मित्राची मागून आणली होती. तिच्यात मी मायने दिलेल्या भाकरी, चादर आणि घरचा पाच लिटरचा स्टीलचा डबा भरला होता. हा डबा वाटेत फार उपयोगी पडेल अशी माझी समजूत होती. पहिल्या दोन तासांतच त्याने पाठीचे साल काढले. बाजारातून घेतलेल्या नव्या बुटांनी दोन्ही टाचांना फोड आले. शेवटचा उतार मी बूट गळ्यात अडकवून अनवाणी उतरलो, तेव्हाच मला चालता आले असे म्हणायला हरकत नाही.

तिसऱ्या दिवशी आम्हाला समुद्र दाखवायला अलिबागला नेण्यात आले. बस पेणवरून जात असताना बरोबरच्या सरांनी डोंगरांच्या दिशेने हात करून सांगितले की याच तालुक्यात वरसई नावाचे गाव आहे आणि तिथला एक भिक्षुक १८५७ साली पायी उत्तर हिंदुस्थानात गेला होता व परत येताना खांद्यावर गंगेचे पाणी घेऊन आला होता. बसमधली बहुतेक मुले झोपली होती. मी मात्र टाचांच्या फोडांमुळे जागा होतो. खांद्यावर पाणी घेऊन, हे शब्द माझ्या कानात राहिले, कारण पाच लिटरच्या रिकाम्या डब्याने माझी काय गत केली होती ते मलाच ठाऊक होते. परत आल्यावर ग्रंथालयातून मी ‘माझा प्रवास’ हे पुस्तक काढले. त्याचे लेखक विष्णुभट गोडसे. त्यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी पाठ्यपुस्तकात वाचले असेल, पण परीक्षेत लेखकाचे नाव लिहिले की आपण त्याला विसरतो. मीही विसरलो होतो. म्हणून त्यांचे चरित्र माझ्या वकुबाप्रमाणे येथे सांगत आहे.

विष्णुभटजींचा जन्म १८२७ च्या सुमारास वरसईस झाला. सह्याद्रीच्या पायथ्याशी, बाळगंगा नदीच्या खोऱ्यात वसलेले हे कोकणातले गाव. एका बाजूला घाटाची भिंत, दुसऱ्या बाजूला पेणच्या खाड्या आणि पलीकडे समुद्र. पाऊस उदंड, पण जमीन थोडी. गोडसे घराणे वेदविद्या आणि याज्ञिकी यांवर जगणारे. पेशवाई १८१८ साली बुडाली आणि तिच्याबरोबर विद्वान ब्राह्मणांना मिळणारी दक्षिणा व आश्रयही गेला. विष्णुभट जन्मले ते या उतरत्या काळात. घरात माणसे पुष्कळ, कार्ये होत राहिली, मिळकत मात्र वाढली नाही. साहजिकच कर्ज झाले. मंत्र म्हणून आणि पूजा सांगून पोट भरेल, पण कर्ज फिटणार नाही, हे त्यांना तिशीच्या आतच उमगले असावे.

अशात बातमी आली की ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या विधवा पत्नी बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत आणि तेथे ब्राह्मणांना भरपूर दक्षिणा मिळणार आहे. विष्णुभटांनी जायचे ठरवले. वडिलांना ते पसंत नव्हते. मुलगा दूर देशी जाणार, वाटेत काय होईल कोण जाणे. अखेरीस चुलते रामभट बरोबर जाणार असे ठरले, तेव्हा परवानगी मिळाली. १८५७ सालच्या आरंभी हे चुलते-पुतणे घराबाहेर पडले.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. इतिहासाच्या पुस्तकात १८५७ म्हटले की आपल्यासमोर तलवारी, तोफा आणि घोडे येतात. या दोघांच्या मनात त्यांतले काहीच नव्हते. त्यांना कोणत्याही राजासाठी लढायचे नव्हते आणि इंग्रजांविरुद्धही काही करायचे नव्हते. घरचे कर्ज फेडायला गेलेली ही दोन माणसे. माझ्या ओळखीची अशी पुष्कळ माणसे आहेत. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, दरवर्षी मायला बरोबर घेऊन ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादम उचल देतो, घरातला कोयता धार लावून ठेवला जातो आणि दिवाळीच्या आगेमागे आमच्या गल्लीतली अर्धी घरे कुलपात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, म्हणजे हिशेबात माझे आईवडील हे दोन माणसे नसून एक हत्यार असतात. लहानपणी मीही त्यांच्याबरोबर कारखान्यावर जाऊन पाचटाच्या कोपीत राहिलो आहे. म्हणून विष्णुभटांनी देव्हाऱ्यासमोर नमस्कार करून उंबरठा ओलांडला, तो प्रसंग वाचताना मला काही वेगळे कल्पावे लागले नाही.

वरसईहून पुण्याकडे जायचे म्हणजे सह्याद्री चढणे आलेच. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली झाला होता, पण आगगाडी घाट चढून वर आली ती १८६३ साली. तेव्हा या दोघांना पायांचाच भरवसा. त्या काळचा पांथस्थ काय घेऊन निघे, याचा मी माझ्या सॅकशी ताळा करून पाहिला. धोतरे, पांघरायला एखादे वस्त्र, स्वयंपाकाचे एकदोन भांडे, तांब्या आणि विहिरीतून पाणी काढायला दोरी. माझ्याजवळ डबा होता पण दोरी नव्हती, हा दीडशे वर्षांतला फरक. वाटेत पुढचे गाव किती कोसांवर, पाणी कुठे, धर्मशाळा कोणती बरी, चोरांचे भय कुठे आहे, हे सारे समोरून येणाऱ्या माणसाला विचारत जायचे. नकाशा म्हणजे दुसऱ्याची जीभ. एकट्यादुकट्याने न जाता सोबत पाहून निघायचे, अंधार पडण्यापूर्वी गाव गाठायचे, आणि कमरेला जे काही बांधले असेल त्याचा सुगावा लागू द्यायचा नाही.

पुणे सोडून ते उत्तरेकडे चालत राहिले. खानदेश ओलांडून सातपुड्याच्या रानात शिरले आणि पलीकडे उतरून महूजवळ पोहोचले. तेथे त्यांना पलटणीतले काही शिपाई भेटले. काडतुसांचे प्रकरण, मेरठ-दिल्लीकडचा उठाव आणि आता इकडेही लवकरच दंगा होणार, ही हकीकत त्यांना या शिपायांच्या तोंडून कळली. आणि खरोखरच १ जुलै १८५७ रोजी इंदूर व महू येथे उठाव झाला. जे पुढे देशाच्या इतिहासात नोंदले गेले, ते या दोघांना वाटेवरच्या एका मुक्कामात, ओझे उतरवून बसले असताना समजले.

आता प्रश्न होता पुढे जावे की मागे फिरावे. मागे घर होते, पण घरात कर्जही तसेच होते. पुढे यज्ञ होईल की नाही कोणास ठाऊक, पण काही मिळण्याची आशा तरी होती. ते पुढे गेले. मला वाटते, विष्णुभटांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय हाच. त्यात शौर्याचा अभिनिवेश नव्हता. रिकाम्या हाताने परत जाण्याची लाज माणसाला किती दूर नेते, हे ज्यांनी घरी उचल फिटलेली नाही असे सांगणारा बाप पाहिला आहे, त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

मालव्यात उज्जैन, धार या ठिकाणी ते राहिले. पूजा-अनुष्ठाने करून काही दक्षिणा जोडली. तेथून ग्वाल्हेरला गेले. ज्या यज्ञासाठी घर सोडले होते, तो मथुरेचा बेत दंग्याच्या वावटळीत गुंडाळला गेला होता. तरी ओळखीपाळखी निघाल्या, दानधर्म मिळाला आणि पुढे ते झाशीस आले. तेथे महाराष्ट्रातून गेलेली पुष्कळ घराणी होती. मराठी बोलणारी माणसे, सणवार, पक्वान्ने, सारे घरच्यासारखे. झाशीची राणी लक्ष्मीबाई यांना त्यांनी जवळून पाहिले. राणीची दिनचर्या, तिचा व्यायाम, घोड्यावर बसणे, घोड्याची पारख, तिचा दरबार आणि दानधर्म यांचे वर्णन त्यांनी इतक्या साधेपणाने केले आहे की ती पुतळ्यातली राणी न राहता सकाळी उठून कामाला लागणारी एक बाई वाटू लागते. मराठी माणसाच्या मनातल्या लक्ष्मीबाईंच्या चित्रात या भिक्षुकाने पाहिलेले पुष्कळ काही आहे.

मार्च १८५८ च्या अखेरीस सर ह्यू रोज यांच्या फौजेने झाशीला वेढा घातला. तात्या टोपे मदतीला आले, पण १ एप्रिलला बेतवा नदीकाठी त्यांचा पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज फौज शहरात शिरली आणि ४ एप्रिलच्या रात्री राणी दत्तक पुत्र दामोदर याला घेऊन किल्ल्यातून निसटली. परीक्षेच्या उत्तरात एवढे लिहिले की पुरते. विष्णुभट मात्र तेव्हा शहरात होते. तोफगोळे पडत असताना शहरातली माणसे कशी जगत होती, पाण्यासाठी काय हाल झाले, घरे कशी जळाली आणि शहर पडल्यावर किती निरपराध माणसे मारली गेली, हे त्यांनी स्वतः पाहिले. चुलते-पुतणे घरात लपून बसले आणि कसेबसे वाचले. लूट क्रमाक्रमाने होत गेली. आधी सोनेनाणे गेले, मग तांब्यापितळेची भांडी गेली, मग कपडे आणि शेवटी धान्यसुद्धा. झाशीचा मोठा ग्रंथसंग्रह या लुटीत उद्ध्वस्त झाला, याचेही दुःख त्यांना झाले आहे. जे हातात पोथी धरून जगले, त्यांना पोथ्यांची दुर्दशा पाहून काय वाटले असेल! वर्षभर वणवण करून गाठीला बांधलेली दक्षिणा त्या दिवसांत गेली. कर्ज फेडायला निघालेला माणूस अंगावरच्या वस्त्रानिशी झाशीबाहेर पडला.

त्यानंतरचा एक प्रसंग पुष्कळांना माहीत आहे, पण तो सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरे होत नाही. काल्पीच्या वाटेवर विष्णुभट एका विहिरीपाशी असताना काही स्वार तेथे आले. त्यांत एक धुळीने माखलेली, पुरुषवेषातली, थकलेली स्त्री होती. ती राणी लक्ष्मीबाई. तहानेने तिचा जीव कासावीस झाला होता. विष्णुभटांनी ओळखले आणि पाणी काढून देण्यासाठी ते पुढे झाले. पण विद्वान ब्राह्मणाकडून असे काम करून घेणे तिला बरे वाटले नाही. तिने स्वतः पाणी काढले आणि मातीच्या भांड्यातले पाणी ओंजळीने प्याली. जिच्या दारात काही महिन्यांपूर्वी ते दक्षिणेसाठी उभे होते, ती राणी आणि ते, दोघेही आता सारखेच लुटलेले, एका विहिरीच्या काठावर. पुढे जून १८५८ मध्ये ग्वाल्हेर येथे राणीला वीरमरण आले. विष्णुभट आपल्या वाटेला लागले.

आता तरी त्यांनी सरळ घराकडे वळावे असे आपल्याला वाटते. पण एवढ्या दूर येऊन गंगास्नान न करता परत कसे जायचे? शिवाय वाटा सुरक्षित नव्हत्या. फौजा फिरत होत्या, परका माणूस दिसला की संशय घेतला जाई, आणि फौजा नसतील तिथे लुटारू असत. अशा मुलखातून ते ब्रह्मावर्त, चित्रकूट, लखनौ, अयोध्या, काशी अशी तीर्थे व शहरे पाहत फिरले. कुठे अन्नसत्रात जेवले, कुठे उपाशी राहिले. पुन्हा थोडेफार मिळवले. आणि शेवटी गंगेच्या पाण्याची कावड भरून ती खांद्यावर घेतली.

कावड म्हणजे काय हे आमच्याकडच्या मुलांना सांगायला नको. श्रावणात आमच्या भागातली पोरे कावड घेऊन औंढ्याच्या नागनाथाला जातात. बांबूच्या दोन टोकांना पाण्याची भांडी टांगलेली, मधला भाग खांद्यावर. खांदा बदलता येतो, पण वजन बदलत नाही. शिवाय पवित्र पाणी म्हणून सोवळे-ओवळे सांभाळायचे, भांडे जमिनीवर टेकू द्यायचे नाही. आमची पोरे एका रात्रीत कावड पोहोचवतात आणि आठवडाभर खांदा चोळत बसतात. काशीपासून वरसई हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. मधे विंध्य, सातपुडा आणि सह्याद्री हे तीन डोंगर. ती वाट त्यांनी कावड घेऊन तुडवली. ज्या घाटाने ते पैसा मिळवायला वर चढले होते, त्याच सह्याद्रीवरून पाणी घेऊन खाली कोकणात उतरले.

घर सोडल्यापासून अडीच-तीन वर्षे झाली होती. घरच्यांनी त्यांची आशा जवळजवळ सोडलीच असेल. त्यांनी आणलेल्या गंगोदकाने आईवडिलांना स्नान घातले. बाळगंगेच्या काठी राहणाऱ्या म्हाताऱ्यांना मुलाने मोठी गंगा घरी आणून दाखवली. पैशाच्या हिशेबाने पाहिले तर हा सगळा प्रवास बुडीत खाते होता. जे मिळाले त्यापेक्षा जास्त गेले. पण घरातून निघालेला मुलगा परत आला होता आणि त्याच्या खांद्यावर काहीतरी होते.

इथे त्यांची गोष्ट संपली असती, तर आपल्याला विष्णुभट गोडसे हे नाव कळलेही नसते. अशा कावडी घेऊन परतलेले पुष्कळ असतील. परंतु पुढे चिंतामण विनायक वैद्य यांनी त्यांना हा सारा प्रवास लिहून काढण्याचा आग्रह केला. १८८३ च्या सुमारास, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास, विष्णुभटांनी तो मोडी लिपीत लिहिला. मधे जवळजवळ पंचवीस वर्षे गेली होती. इंग्रजांचे राज्य पक्के झाले होते आणि झाशीतल्या कत्तलीविषयी उघडपणे लिहिणे धोक्याचे होते. वैद्यांनी पुस्तक छापले ते १९०७ साली, त्यातही मूळ लेखनात फेरफार करून. तोवर विष्णुभट हयात नव्हते. त्यांच्या मूळ हस्तलिखिताप्रमाणे शुद्ध आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. हिंदीत अमृतलाल नागर यांनी या पुस्तकाचा अनुवाद केला आणि नंतर इंग्रजीतही ते गेले. स्वतःच्या ग्रंथाची छापील प्रत ज्याने पाहिली नाही, असा हा ग्रंथकार.

मला वाटते, त्यांनी उत्तरेतून दोन कावडी आणल्या. एक पाण्याची, ती घरी आल्यावर रिकामी झाली. दुसरी जे पाहिले त्याची. ती पंचवीस वर्षे त्यांनी मनात टेकू न देता सांभाळली आणि मग उतरवली. झाशीच्या पाडावाच्या सरकारी हकीकती इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिल्या. पण बंद दाराआड धान्य लपवून बसलेल्या घरातून ती लढाई कशी दिसली, हे मराठीत सांगणारा हा माणूस. तो शिपाई नव्हता, सरदार नव्हता, म्हणूनच त्याला ते दिसले. कर्जाने त्याला घराबाहेर काढले आणि पायांनी त्याला साक्षीदार केले.

त्यांच्याविषयी आदर वाटत असतानाही एक गोष्ट लपवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. विष्णुभट त्यांच्या काळातले आणि त्यांच्या जातीतले होते. सोवळे, शिवाशिव, कर्मकांड हे सारे त्यांना अगदी स्वाभाविक वाटत होते. त्या वाटेवर त्यांना माझे पणजोबा भेटले असते, तर त्यांनी कावडीला हात लावू दिला नसता. अन्नसत्रातली ती पंगतही आमच्यासाठी नव्हती. वाचताना काही ठिकाणी मी पुस्तक मिटून ठेवले. परंतु पुन्हा उघडले. कारण झाशीत घरे लुटली जात होती तेव्हा भुकेने आणि भीतीने जी दशा झाली, ती त्यांनी सोवळ्याआड लपवली नाही. ज्या घरात पूर्वी कोणी पाटी हातात धरली नव्हती, त्या घरातला मुलगा आज त्यांचे चरित्र लिहीत आहे. त्यांच्या काळात हे त्यांना रुचले असते की नाही, हा प्रश्न त्यांचा. त्यांनी लिहून ठेवले ते वाचण्याचा हक्क मात्र आता माझाही आहे.

हे पुस्तक मी घरी नेले होते. दादा आणि माय कारखान्यावर गेलेले, घरात आजी आणि मी. रात्री मी तिला त्यातली हकीकत आमच्या बोलीत सांगत असे. राणीची गोष्ट तिने शांतपणे ऐकली. आईवडिलांना गंगेच्या पाण्याने न्हाऊ घातले हे ऐकून तिने हात जोडले. मग तिने जे विचारले ते आपल्या वर्गात कोणी विचारले नसते. तिने विचारले, कर्जाचे काय झाले. मी सांगितले की बरेचसे पैसे झाशीतच लुटले गेले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली की गेले तर गेले, लेकरू तर घरी आले. आमच्या गल्लीतून कामाला गेलेली काही माणसे परत आली नाहीत, हे तिच्या मनात होते. त्या रात्री तिने डोंगरावर देव कोणता आहे हा प्रश्न पुन्हा काढला नाही.

या वर्षीही आमची उचल फिटली नाही. मुकादमाने काही दिवस कमी धरले आणि हिशेबाची वही दाखवली नाही. त्यामुळे महाविद्यालय सोडून मीही पुढच्या हंगामाला जावे, दोघांचे तिघे झाले तर लवकर फिटेल, असे मी मनाशी ठरवले होते. पाडव्याच्या आधी दादा आणि माय परत आले. मी त्यांना आणायला एस. टी. स्टँडवर गेलो. दादांनी एका वेळूच्या काठीला एका बाजूला अंथरुणाचे गाठोडे आणि दुसऱ्या बाजूला भांड्यांची गोणी बांधली होती आणि काठी खांद्यावर घेऊन ते उतरले. मी ती काढून माझ्या खांद्यावर घेतली. राजमाचीच्या सॅकपेक्षा ती कितीतरी जड होती. घरापर्यंत मी दोनदा खांदा बदलला. वाटेत मी माझा विचार दादांना सांगितला. ते काही बोलले नाहीत. घराजवळ आल्यावर त्यांनी फक्त एवढे विचारले की परीक्षा कधी आहे आणि फी किती भरायची राहिली आहे.

मी परीक्षेचा अर्ज भरला आहे. पुढच्या दिवाळीत ते दोघे पुन्हा जातील आणि मी इथे राहीन, हे मला सोपे वाटत नाही. विष्णुभटांना गंगा तरी सापडली. मला काय घेऊन घरी जायचे आहे ते अजून पुरते दिसत नाही. पण आता खांदा कशासाठी आहे, एवढे समजले आहे.